ठेव नव्हे, उसनं

माझ्या सासूबाईंना पैसा दिसत नव्हता, म्हणून त्या तो हाताने ओळखायच्या. लढाईचे दिवस होते. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, माळरानाचं. बाजरी, मटकी, आणि पाऊस बरा झाला तर हुलगे. लग्नानंतर महिन्याभरातच आमचे हे नगरला जाऊन पलटणीत भरती झाले, मोटर हाकायला शिकले आणि कुठल्याशा मुलखात निघून गेले. त्या मुलखाचं नाव पत्रात लिहायला परवानगी नव्हती. घरात राहिलो आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी.

मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि सावली एवढंच त्यांना कळायचं. पण त्यांचं काही अडत नव्हतं. मी निवडलेल्या बाजरीत एक खडा राहिला तरी तो त्यांच्या बोटांना बरोबर सापडायचा, आणि मग माझा उद्धार व्हायचा. माझा आवाज जन्मापासून जाडाभरडा आणि बोलणं ठसक्याचं. तो आवाज ऐकून त्या मला एखाद्या थोराड बाईला सांगावीत तशी कामं सांगायच्या. पाणी, दळण, जळण, शेण, सगळं उजाडायच्या आत उरकलेलं हवं. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ उलट बोलायची. तोंडावर थोडं कमी.

यांची मनीऑर्डर महिन्याला यायची, बारा रुपयांची. मी माहेरी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून पत्र मी वाचायची. पैसे मात्र सासूबाईंच्या हातात. आधी चांदीचे रुपये येत, तोवर त्या खूश होत्या. प्रत्येक रुपया उंबऱ्याच्या दगडावर वाजवून बघायच्या आणि मान डोलवायच्या. मग चांदीचा रुपया मिळेनासा झाला आणि कागदाचा आला. तो वाजेना. सासूबाईंनी ती पहिली नोट दोन बोटांत धरून कितीतरी वेळ चोळली आणि म्हणाल्या, "ह्यो कसला रुपाया? मुका हाय."

त्यावर त्यांनी आपल्यापुरता इलाज काढला. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत. लग्नकार्यात गावभरची पातेली एकत्र होतात, नाव नसेल तर तुमचं पातेलं कुणाच्या चुलीवर जाईल ते सांगता येत नाही. सासूबाईंनी नोटांना तेच लावलं. मी सुईत दोरा ओवून द्यायची, त्या नोटेच्या कोपऱ्यात एक टाका घालून बारीक गाठ मारायच्या. एका रुपयाला एक गाठ, पाचाच्या नोटेला पाच. महिन्याचा खर्च भागवून तीन-चार रुपये मागे राहत, त्यांनाच फक्त गाठी. ते बाजरीच्या कणगीत, फडक्यात बांधून. दुपारी पाठ टेकली की त्या फडकं सोडून गाठी चाचपत बसायच्या.

आमच्या गावात शाळेचे मास्तर तेच पोस्टाचे मास्तर. शाळेच्या एका कोपऱ्यात लाकडी पेटी, एक काटा, शिक्के, एवढं पोस्ट. मास्तर सडपातळ, हळू बोलणारे. मुलांना मारताना आधी चष्मा काढून ठेवायचे, आणि तो काढून ठेवेपर्यंत त्यांचा राग गेलेला असायचा. कणगीला उंदीर लागला आणि एका नोटेचा कोपरा कुरतडला गेला तेव्हा सासूबाईंना मी हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेले. मास्तर म्हणाले, "मावशी, घरात कशाला ठेवता? पोस्टात ठेव म्हणून ठेवा. पुस्तक देतो. हवे तेव्हा परत मिळतील."

"ठेव म्हून?" सासूबाईंनी विचारलं.

"ठेव म्हणून."

तो शब्द ऐकला आणि सासूबाई लगेच कबूल झाल्या. ठेव म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. आमची शेजारीण नवऱ्याबरोबर मुंबईला गिरणीत गेली तेव्हा तिचा तांब्याचा हंडा आमच्याकडे ठेव म्हणून होता. आमचा स्वतःचा हंडा गळका. मी एकदा म्हटलं, तोवर तो वापरू, परत आली की घासून देऊ. सासूबाईंनी माझ्याकडे असं तोंड फिरवलं की मला वाटलं दिसतंय त्यांना. "ठेवीला हात लावायचा नसतो. ती जशी आली तशी जायाची," म्हणाल्या. दीड वर्ष आम्ही गळक्या हंड्याला लाख लावत बसलो आणि तो हंडा कोपऱ्यात पालथा राहिला.

तर असे गाठीचे रुपये दर महिन्याला पोस्टात जाऊ लागले. पुस्तक सासूबाई कमरेच्या पिशवीत ठेवायच्या आणि मला नुसता आकडा वाचायला देऊन परत घ्यायच्या. एव्हाना मला डोरल्याचं वेड लागलं होतं. लग्नात माझ्या गळ्यात घातलेलं डोरलं मुलाम्याचं होतं आणि त्याचा मुलामा सहा महिन्यांत उडाला. पाणवठ्यावर बायका माझ्या गळ्याकडे बघून एकमेकींकडे बघत. सासूबाईंनी कबूल केलं होतं की पैसे साठले की सोन्याचं करू. मी पुस्तकातला आकडा वाचायची तो डोरल्याच्या हिशेबाने.

दुसऱ्या वर्षी त्यांचा डावा डोळा दुखायला लागला. आम्ही नगरला गेलो. पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटर कोळशाच्या धुरावर चालायची आणि चढ आला की आम्हाला खाली उतरवायची, त्यामुळे निम्मा रस्ता पायीच झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे बघितले आणि स्वच्छ सांगितलं. डावा गेला. उजवा ऑपरेशन केलं तर येईल, पण होळीच्या आत या. उशीर झाला तर तोही हातचा जाईल. ऑपरेशन, खाट, औषध, चष्मा आणि आमचं पंधरा दिवसांचं खाणं धरून साठ रुपये जवळ असू द्या.

येताना चढावर पायी चालताना सासूबाई बोलल्या. "सूनबाई, तुझं डोरलं ऱ्हाईलं आता."

"राहू द्या," मी म्हटलं. आणि घरी आल्यावर दोन दिवस भांडी जरा जोरात आपटली. खोटं कशाला लिहू?

पैसे काढायचा अर्ज मास्तरांनी भरला, सासूबाईंनी अंगठा दिला. पंधरवड्याने तालुक्याहून टपालाच्या पिशवीतून पैसे आले आणि मास्तरांनी निरोप धाडला. दुपारची सुट्टी होती. मास्तरांनी सासूबाईंना खुर्ची दिली, पण त्या खालीच बसल्या आणि पदर पसरला. मास्तरांनी एकेक नोट मोजून पदरात टाकली. सासूबाईंनी पहिली उचलली, कोपरा चाचपला. दुसरा कोपरा चाचपला. चारही कोपरे झाले. दुसरी उचलली. तिसरी. त्यांचे हात भराभर चालायला लागले, आणि मग एकदम थांबले.

"मास्तर, ह्या माझ्या न्हाईत."

"मावशी, तुमच्याच आहेत. पुरते साठ आहेत."

"माझ्यांना गाठी हुत्या."

मास्तरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हे कुणाला मारणार आहेत! पण त्यांनी तो नुसता हातात धरला. म्हणाले, "गाठी मी सोडवल्या, मावशी. पहिल्या महिन्यात तशाच पाठवल्या तर तालुक्याच्या साहेबांनी परत धाडल्या, दोरा घातलेल्या नोटा चालणार नाहीत म्हणाले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पैसे परत कणगीत नेले असते. म्हणून दर महिन्याला मीच बसून सोडवायचो. आमच्या घरच्यांची बारीक सुई घ्यायची आणि एकेक टाका उसवायचा. नोट फाटू नये म्हणून वेळ लागायचा."

दीड वर्ष हा माणूस शाळा सुटल्यावर आमच्या गाठी सोडवत बसला होता. पगाराचं काम नव्हे, कुणी सांगितलेलं नव्हे. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सासूबाईंना तसं काही वाटलं नाही.

"मग त्या माज्या नोटा कुठं हायेत?"

"त्या गेल्या, मावशी. तालुक्याला गेल्या, तिथून पुढे कुणाला कुणाला दिल्या गेल्या. सरकार वापरतं ते पैसे. म्हणून तर तुम्हाला वर व्याज मिळालंय, हे बघा पुस्तकात, इतके आणे."

झालं! मास्तर सरळ मनाने सांगत गेले आणि प्रत्येक वाक्याने काम बिघडत गेलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "ठेवीला हात लावला तुमी. ठेव म्हनलावता. मी शेजारनीच्या हंड्यात दीड वर्स पानी भरलं न्हाई, आन तुमी माझी ठेव वाटून टाकली. आन वर ह्ये आने कसलं? चुकून आलेलं का कुनाचं काढून घेतलेलं? मला नगं. दुसऱ्याच्या पैशानं डोळा करून घ्यायची न्हाई मी. आंधळी मरंन."

मास्तर बोलायला गेले. त्यांनी सरकार, खजिना, हमी असं बरंच सांगितलं. त्यातलं मलाही फारसं कळलं नाही. सासूबाईंनी पदर माझ्यापुढे झटकला. नोटा माझ्या मांडीवर पडल्या. "सूनबाई, ह्या कुनाच्या हायेत द्येवाला ठावं. तुला चालत आसतील तर तुजं डोरलं कर. मी चालले."

आणि त्या भिंतीला हात लावत दाराकडे निघाल्या.

साठ रुपये माझ्या मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा. मागितले नव्हते, चोरले नव्हते, त्यांनी आपल्या तोंडाने दिले होते, मास्तर साक्षीला. मी गप्प बसले असते तर होळीला माझ्या गळ्यात सोनं असतं आणि कुणी मला बोल लावला नसता. मी गप्प बसलेही. किती वेळ ते आठवत नाही, पण सासूबाई दारापर्यंत पोचल्या इतका वेळ नक्की. त्या माझ्याच सासूबाई, बाजरीतल्या एका खड्यासाठी माझा उद्धार करणाऱ्या. आणि त्या दारात अडखळल्या. चौकट त्यांना दिसली नाही, कपाळ आपटलं. त्यांनी आवाज केला नाही. नुसता कपाळाला हात लावला आणि पुन्हा दार चाचपू लागल्या.

मला राग आला. त्यांचा, मास्तरांचा, स्वतःचा, सगळ्यांचा. मी ओरडलेच. "आत्याबाई, काल तुमी धाकल्या आळीतनं मापटंभर बाजरी उसनी आनाया लावली मला. त्यांना परत देताना त्येच दाने देनार हाय का आपन?"

त्या थांबल्या. "त्ये उसनं हाय. त्ये खाल्लं न्हवं का आपन."

"मग ह्ये पन उसनंच हाय! ठेव न्हाईच. सरकारनं तुमच्याकडनं उसनं नेलं, खाल्लं, आन आता दुसरं आनून माघारी दिलं. माप तेवढंच हाय का बगा. दाने बगू नका."

सासूबाई दारातच उभ्या होत्या आणि ओठ हलवत होत्या, हिशेब करताना हलवायच्या तशा. मग म्हणाल्या, "आन वरलं आने?"

"ती शीग," मी म्हटलं.

आता हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. उसनं धान्य परत करताना माप काठोकाठ भरून चालत नाही, वर ढीग लावून द्यायचा असतो. त्याला शीग म्हणतात. सासूबाई मापावर तळवा फिरवून शीग बघायच्या, आणि ती नसेल तर त्या घरी पुन्हा बाजरी द्यायच्या नाहीत. शीग म्हणजे चूक नव्हे, चोरी नव्हे. तो उसनं देणाऱ्याचा मान.

सासूबाई परत आल्या. खाली बसल्या. पदर पसरला आणि म्हणाल्या, "मास्तर, मग उसनं म्हनायचं की वो. ठेव कशापायी म्हनलात?"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. खरंच म्हणाले, दीड वर्ष गाठी सोडवलेला माणूस. "सरकारी पुस्तकात तसा शब्द आहे, मी तोच उचलला."

मी मांडीवरच्या नोटा परत त्यांच्या पदरात घातल्या. एकेक घातली. हात जड झाला होता हे मान्य करते.

त्यानंतर आठ दिवस सासूबाईंनी गावभर सांगितलं की सरकारनं लढाईसाठी त्यांच्याकडून उसनं नेलं होतं आणि शीग लावून परत दिलं. बायका हसल्या, पण ऐकलंही. पलटणीत माणूस असलेल्या घरांतून चार-पाच जणींनी पोस्टात पुस्तकं काढली, आणि मास्तर त्यांना पहिल्यापासून उसनं असंच सांगू लागले. पुढे माझं स्वतःचं पुस्तक झालं, मग बँकेतलं खातं झालं. डोरलंही झालं, पण आमचे हे लढाईहून परत आल्यावर, पुष्कळ वर्षांनी. या सगळ्या काळात पैसा कुठे ठेवावा असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, तो देऊन टाकताय, ठेवायला देताय की उसना देताय? तिन्हीत फरक आहे, आणि शीग फार मोठी लावतो म्हणणाऱ्याला आमच्या सासूबाई दारात उभं करत नसत, कारण एवढी शीग लावणारा मापात मारतो असं त्यांचं म्हणणं होतं. मी आजवर पैशात बुडाले नाही, ते सासूबाई आणि मास्तर या दोघांमुळे. त्यांचे उपकार मी कधी तोंडाने बोलले नाही. आता लिहितेय.

होळीच्या आधी दहा दिवस आम्ही नगरला गेलो. ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना उताणं निजवलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही. मी खाटेखाली चटई टाकून राहायची, बाहेर तीन दगडांवर भाकरी करायची आणि कुस्करून भरवायची. नर्सबाई ख्रिस्ती होत्या, आमच्याच तालुक्यातल्या. त्यांना सासूबाईंची भाषा कळायची आणि त्यांचा ठसका चालायचा.

पट्टी काढायच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. पट्टी सुटली. त्यांनी जाड भिंगाचा एक चष्मा सासूबाईंच्या नाकावर टेकवला. सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं. नर्सबाईंच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे, उलटा करून, सुलटा करून.

"आमची सूनबाई कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी खाटेच्या पायथ्याशीच उभी होते. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि मागे पलीकडच्या खाटेपाशी एक उंच, आडव्या अंगाची बाई उभी होती तिच्यावर थांबली. त्या तिच्याकडे बघून हसल्या. "आगं, लांब का हुबी? ये की जवळ."

ती बाई गोंधळली. मी म्हटलं, "आत्याबाई, मी हितं हाय."

आवाज माझा होता. त्यांनी तो ओळखला आणि बघितलं, पण जिथे बघितलं तिथे माझा चेहरा नव्हता. मग त्यांनी नजर खाली आणली, आणखी खाली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि बाराची दिसायची. उंची जेमतेम खाटेच्या दांडीहून हातभर वर. त्यांनी हात पुढे केला, माझी हनुवटी धरली आणि चष्म्यातून बघत राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "तू तर पोर हायेस गं."

आणि रडायला लागल्या. नर्सबाई धावत आल्या. "मावशी, रडायचं न्हाई! डोळा बिघडंल, सगळा खर्च पान्यात जाईल."

सासूबाईंनी माझी हनुवटी सोडली नाही. "जाऊ दे," म्हणाल्या. "डोळा माज्या पैशाचा हाय. रडू दे मला."